कलमात बसणारं दुखणं

आमच्या शाळेत कुणाला बरं वाटेनासं झालं तर तो डॉक्टरकडे जायच्या आधी भाऊसाहेबांकडे जायचा. औषध डॉक्टर देत, पण ते दुखणं फायद्याचं आहे की नुसतंच दुखणं आहे, हे भाऊसाहेब सांगत.

भाऊसाहेब वडवणीच्या आमच्या शाळेत मुख्य लिपिक होते. मी तिथं कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले, तेव्हा मला वाटलं होतं की पहिल्या दिवशी टायपिंग बघतील, निदान अक्षर तरी. त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. चष्म्यावरून बघून म्हणाले, "वडलांचं वय काय?"

मी म्हटलं, नक्की माहीत नाही, आधार कार्डावर एक जानेवारी आहे.

"आमच्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा. मास्तरानं लिवला ते आमचं नशीब. वर्ष सांग."

वर्ष सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "सहा वर्षांनी साठ पुरे होतेत. तवर दवाखान्याची पॉलिसी काढून ठेव. साठीनंतर टॅक्सातली वजावट दुप्पट होती." मग म्हणाले, "बस. चहा घेतीस का?"

माझे अब्बा धारूरला कापूस पिंजून गाद्या भरतात. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. कॉलेजात आयकराचा पेपर मी पाठ करून सोडवला होता. पण आयकर ही जिवंत माणसांच्या शरीरात राहणारी गोष्ट आहे, हे मला भाऊसाहेबांनी शिकवलं.

शाळेच्या कारकुनीत फेब्रुवारी म्हणजे सुगी. वर्षाचा कर हिशेब करून कापल्याशिवाय फेब्रुवारीचा पगार निघत नाही. त्यामुळं एरवी लिपिकाकडे ढुंकून न बघणारे सर-मॅडम हातात पावत्या घेऊन आमच्या खोलीबाहेर उभे राहत. भाऊसाहेब एकेकाला आत घेत. आत जाणारा शिक्षक असे, बाहेर येताना तो आईबापांचा पालक होऊन येई. कुणाची आई कधी साठ ओलांडते, कुणाच्या सासऱ्याचा खर्च चालत नाही, कुणाच्या भावाला अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. एका मॅडमना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमच्या आईच्या गुडघ्याचा खर्च कावून न्हाई लावला? आई साठीच्या पुढची, पॉलिसी न्हाई, पैसे चेकनं दिलेत. असा गुडघा दर वर्षी मिळत न्हाई."

त्यांच्या मते आजारांचे दोन प्रकार होते. कलमात बसणारे आणि न बसणारे. गणिताच्या सरांना साखर निघाली तेव्हा सगळे हळहळले. भाऊसाहेबही हळहळले, पण वेगळ्या कारणासाठी. म्हणाले, "साखर कलमात बसत न्हाई, सर. किडनीपर्यंत गेली तर बसती." सरांनी त्या दिवसापासून गोड सोडलं. डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या उपदेशानं जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं, असं ते अजून सांगतात.

पण खोटेपणा त्यांना खपत नसे. क्रीडाशिक्षकांनी एकदा औषधाच्या दुकानातून सहा महिन्यांची बिलं एका दमात करून आणली. भाऊसाहेबांनी बिलांचे नंबर बघितले. सगळे एकापाठोपाठ एक. ते शांतपणे म्हणाले, "सर, सहा महिन्यांत त्या दुकानासमोर तुमच्याशिवाय कुणी शिंकलंच न्हाई का?" बिलं परत गेली. सरकारला रुपया जास्त द्यायचा नाही आणि सरकारचा रुपया खोटा घ्यायचा नाही, असा त्यांचा धर्म होता. पण खरं बिल मिळवण्यासाठी ते कुठल्याही थराला जात. चित्रकलेच्या सरांना कावीळ झाली आणि ते रीतीप्रमाणं एका गावात माळ घालून आले. तिथं पैसे घेत नाहीत, घेतले तर औषधाचा गुण जातो म्हणतात. भाऊसाहेब सरांना घेऊन पुन्हा त्या गावी गेले आणि त्या म्हाताऱ्याला पावती मागितली. म्हाताऱ्यानं हात जोडले. परतताना भाऊसाहेब एसटीत एवढंच बोलले, "गुण राहिला, वजावट गेली."

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरं नाही. मी लागले तेव्हा जुनी पेन्शन बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ते मला 'बिनपेन्शनची पोर' म्हणायचे आणि पगार झाला की म्हातारपणासाठी आधी बाजूला टाकायला लावायचे, मग घरी न्यायला सांगायचे. अब्बांची पॉलिसी काढायलाही त्यांनीच लावलं. एजंट म्हणाला, दम्याचं लिहू नका, हप्ता वाढेल. अब्बांना कापसाच्या धुळीनं वर्षानुवर्षं खोकला. मी गप्प बसले. भाऊसाहेब एजंटला म्हणाले, "दमा लिव्हा. कागदावर निरोगी होऊन माणूस निरोगी होत न्हाई." हप्ता वाढला. अब्बा महिनाभर त्यांच्यावर रागावून होते. चौथ्या वर्षी अब्बांना बीडला दवाखान्यात ठेवावं लागलं, ऑक्सिजनवर आठ दिवस. सगळे पैसे कंपनीनं दिले, कारण दमा आधीच लिहिलेला होता.

बरे झाल्यावर अब्बांनी भाऊसाहेबांसाठी स्वतः गादी भरली. चांगला कापूस, नवीन खोळ. मी ती रिक्षात घालून घेऊन गेले. भाऊसाहेबांनी गादी दाबून बघितली, खूश झाले, आणि बिल मागितलं. त्यांना पाठदुखी होती. अब्बांनी आयुष्यात कुणाला बिल दिलं नव्हतं. शेवटी भाऊसाहेबांनीच पुस्तक काढून वाचलं आणि खिन्न होऊन सांगितलं की गादी कुठल्याच कलमात बसत नाही. त्यानंतर ते तीवर निवांत झोपू लागले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांना वाटलं, आता नातवंडं, शेती, देवदर्शन असं काही बोलतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, "अजून दोन वर्षं मला आजारी पडता येणार न्हाई. तुमच्या शुभेच्छा असू द्या." लोक हसले. ते विनोद करत नव्हते. स्वतःची पॉलिसी त्यांनी काढलीच नव्हती. हप्ता माणूस ठणठणीत असला तरी जातो. उलट साठीनंतर, पॉलिसी नसेल तर, दवाखान्याचा खर्चच पन्नास हजारांपर्यंत वजा करता येतो. ही पळवाट नव्हे, हा कायदाच आहे. भाऊसाहेबांना तो कायदा त्यांच्यासाठीच केल्यासारखा वाटे.

त्याच दोन वर्षांत त्यांना हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून टाका. भाऊसाहेबांनी कमरेला पट्टा बांधला आणि अठरा महिने तो पोटात धरून फिरले. खोकला आला की भिंतीला टेकत, शिंक आली की दोन्ही हातांनी पोट दाबत. साठ पुरे झाले त्या जूनमध्येच ऑपरेशन केलं. मी भेटायला गेले तर ते पलंगावर प्रसन्न चेहऱ्यानं पडलेले. म्हणाले, "बघ, योग्य वयात केलं."

तिथून त्यांचा खरा सेवाकाळ सुरू झाला. रोख दिलेला खर्च धरत नाहीत, म्हणून ते गल्लीतल्या डॉक्टरच्या फीसाठी चेकबुक घेऊन जात. शंभर रुपयांचा चेक. डॉक्टरांनी दोन-तीनदा घेतला, मग कंटाळून म्हणाले, भाऊसाहेब, तुम्ही जुने माणूस, तुमच्याकडून काय घ्यायचं, फुकट तपासतो. भाऊसाहेब दवाखाना बदलून बसले. मला म्हणाले, "फुकट तपासायला मी काय भिकारी हाय का? एवढा सर्दी-खोकला वाया गेला."

साठीनंतर त्यांचं विवरणपत्र मी भरू लागले. आता ते संगणकावर भरावं लागतं, आणि संगणकाशी त्यांचं कधी जमलं नाही. जुलै लागला की ते शाळेत येत. काखेत कापडी पिशवी, पिशवीत वर्षभराची बिलं, महिन्यानुसार टाचणी लावलेली. ती माझ्या टेबलावर ठेवत, मोबाइलवर आलेला ओटीपी एकेक आकडा खणखणीत म्हणत, आणि सुटकेचा श्वास सोडत. महिन्या-दोन महिन्यांत बँकेत रिफंड येई. मग ते पेढे घेऊन येत आणि पहिला पेढा मला देत. "आपल्या बिलांनी काम केलं," म्हणत.

बिलांनी काहीही काम केलेलं नसे. त्यांची पेन्शन आणि ठेवीचं व्याज मिळून जी रक्कम होई, तिच्यावर कर लागतच नव्हता. जुन्या पद्धतीनं करा की नव्या, दवाखान्याचं एकही बिल न लावता उत्तर शून्य. रिफंड यायचा तो बँकेनं व्याजावर आधीच कापून घेतलेला. त्यांचेच पैसे त्यांना परत येत होते. तीस वर्षं भाऊसाहेबांनी दुसऱ्यांचा कर काढला, पण स्वतःच्या पेन्शनची बेरीज त्यांनी कधी केली नाही. ते वजाबाकीतच रमलेले होते.

आणि मी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. दुसऱ्या वर्षी पेढ्याचा पुडा बघून धीर झाला नाही. नंतर वाटू लागलं, बिचाऱ्यांचा विरंगुळा आहे, त्यात कुणाचं काय जातं. पिशव्या मी माझ्या कपाटात एकावर एक ठेवत गेले. मी त्यांची शिष्या, त्यांच्या पुढ्यात वाढलेली. कर भरणारा माणूस म्हणून ते गावात ताठ चालत. ती मान मी खाली घालायला लावायची, हे मला उपकार विसरल्यासारखं वाटायचं.

आता काकूंचं. काकू म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. शाळा सुटल्यावर धारूरकडे जायला तेलगावपर्यंतची गाडी येईस्तोवर मी त्यांच्याकडे बसायची. त्या कमी बोलत आणि बोलल्या की भाऊसाहेबांचं तीस वर्षांचं काम एका वाक्यात आटपत. एकदा म्हणाल्या, "ह्यांच्यासंगं नांदायचं तर तब्येत मार्चात बिघडू देऊ नये."

दिवाळीनंतर त्यांना नीट दिसेना. बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदूत थांबलं तर चालतं, यात चालत नाही, जे दिसणं जातं ते परत येत नाही, लवकर ऑपरेशन करा, असं त्यांनी समजावून सांगितलं. भाऊसाहेबांनी खर्च विचारला, तारखा विचारल्या, आणि शेवटी विचारलं की एप्रिलपर्यंत चालेल का. डॉक्टर म्हणाले थेंब देतो, पण वाट बघू नका. भाऊसाहेबांनी त्यातलं 'थेंब देतो' तेवढं ऐकलं.

कारण असं होतं. बायकोचा खर्च वजा करायचा तर तिचेही साठ त्या आर्थिक वर्षात पुरे झाले पाहिजेत. आधार कार्डावर काकूंचा जन्म एक जूनचा, आणि साठ पुरे व्हायला अजून सहा-सात महिने होते. म्हणजे ऑपरेशन एक एप्रिलनंतर झालं तर बसतं, आधी झालं तर नाही. खरं तर काकू भाऊसाहेबांहून वर्षभरानंच लहान. पण आधारचा फॉर्म भाऊसाहेबांनीच भरला होता, आणि नवराबायकोत चार-पाच वर्षांचं अंतर शोभून दिसतं म्हणून त्यांनी काकूंना तीन-चार वर्षं लहान करून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणालं, सरकारी दवाखान्यात फुकट होईल, तिथं करा. भाऊसाहेब म्हणाले, फुकट केलं तर वजावट कशाची मागायची?

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं की डोळ्यात थेंब चालू आहेत. संक्रांतीनंतर एका दुपारी मी गेले. काकूंनी तिळगूळ दिला आणि चहा ओतायला घेतला. कप ओट्यावर उजवीकडे होता. चहा कपाच्या शेजारी ओट्यावर पडत राहिला आणि त्या निवांत ओतत राहिल्या. मी हात धरला तेव्हा त्यांना कळलं.

"उजवीकडचं कमी झालंय, पोरी," त्या म्हणाल्या. "तिकडनं माणूस आलं तर एकदम अंगावर येतं."

मी म्हटलं, ऑपरेशन का नाही केलं?

"साठ पुरे व्हायचेत म्हणं माझे. मी बासष्टची हाय, हे डोळ्याला माहीत हाय, कागदाला न्हाई." त्यांनी फडक्यानं ओटा पुसला. पुसतानाही उजवीकडचा चहा तसाच राहिला. "दहा हजार वाचतेत म्हणले. मी म्हणले, बरं."

लेकीला लातूरला कळवलं का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. ती येऊन भांडेल, आणि ह्यांना भांडण सोसत नाही.

दहा हजार. दहा रुपयेही वाचणार नव्हते, आणि हे आख्ख्या वडवणीत एकट्या मला माहीत होतं.

भाऊसाहेब ओसरीवर बसून बिलांना टाचण्या लावत होते. मी समोर बसले आणि सांगितलं. एका दमात, खाली बघून. ते आधी हसले.

"पोरी, तीस वर्षं आख्ख्या शाळेचा टॅक्स काढलाय मी."

"पगाराचा काढलात, भाऊसाहेब. पेन्शनचा नाही."

त्यांनी फुलस्केप कागद घेतला. पेन्शन लिहिली, व्याज लिहिलं, बेरीज केली. खाली करमाफीची मर्यादा लिहिली, तिच्याखाली शून्य. पुन्हा केली. तिसऱ्यांदा कागद पालटून केली. मला वाटलं होतं चिडतील. ते त्या शून्याकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांना गावातून काढून टाकल्याचा हुकूम वाचून दाखवला.

"मग ते रिफंड?"

"बँकेनं कापलेले. तुमचेच."

"अन् माझी बिलं?"

"माझ्या कपाटात आहेत. सगळी."

त्यांनी टाचण्यांची डबी बंद केली. "किती वर्षं?"

"तुमची साठी झाल्यापासून. तीन."

"तू सांगितलं कावून न्हाईस?"

तुम्ही पेढे आणायचात, असं मी म्हटलं. खरं तेवढंच होतं.

ते उठले. बिलं तिथंच ओसरीवर टाकून आत गेले. "अगं," म्हणाले, "लुगडं बदल. बीडला जायचंय."

आतून काकूंचा आवाज आला, "एप्रिल लागला का?"

ते दोघं त्याच दुपारी निघाले. मीही त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी तपासून चौथ्या दिवसाची तारीख दिली. ऑपरेशन नीट झालं. नंतर डॉक्टरांनी दोन कागद समोर ठेवले, एक दिवाळीनंतरचा, एक आताचा. दोन्हींवर दिसण्याच्या जागेचा नकाशा होता. डावा डोळा वाचला होता. उजव्या नकाशावर काळं पसरलेलं होतं. हे तेव्हा एवढं नव्हतं, डॉक्टर म्हणाले. रागावून नाही, वाचून दाखवल्यासारखं. भाऊसाहेबांनी दोन्ही कागद हातात घेऊन बराच वेळ बघितले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या कागदाचा अर्थ मला सांगावासा वाटला नाही आणि मलाही विचारावासा वाटला नाही.

आता त्यांनी पॉलिसी काढली आहे. महाग पडली, आणि डोळे तिच्यात बसत नाहीत. आजारांविषयी ते बोलत नाहीत. गणिताच्या सरांनी परवा मुद्दाम चिडवलं, भाऊसाहेब, माझ्या साखरेचं काय? ते म्हणाले, "डॉक्टरला विचारा." सर गोंधळले.

आठवडी बाजारात मात्र ते दिसतात. पूर्वी काकू एकट्या जायच्या, आता दोघं जातात. भाऊसाहेब त्यांच्या उजव्या अंगाला चालतात आणि उजवीकडे जे जे आहे ते सांगत जातात. गवार. टोपल्यात कोंबड्या. पुढं दगड हाय, पाय उचल. मेथी, पण सुकलीय. डावीकडचं काही सांगत नाहीत, ते काकूंना दिसतं. एखादं दुकान सुटलं तर दोन पावलं मागं येऊन सांगतात. लोक हसतात, पोरं नक्कल करतात. त्यांना ऐकू येत नाही असं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिथं भेटले. भाऊसाहेब लिंबांचा भाव करायला पुढं गेले होते. मी काकूंजवळ जाऊन उभी राहिले, कशा आहात म्हटलं. त्या आवाजाच्या दिशेनं वळल्या नाहीत, समोर बघूनच बोलल्या.

"पोरी, त्या बाजूला उभी राहू नको," त्या म्हणाल्या. "तिथं तू मला दिसत न्हाईस."

मी डावीकडे आले. तिथून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.